भोकरदनचं हस्तिदंत, समुद्राचा तळ आणि चष्म्याचा नंबर

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. मग इथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यानं पाण्याखाली कसं दिसतं याची चौकशी का करावी? उत्तर आहे भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. 1973 मध्ये शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी तिथे उत्खनन केलं. त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचं साम्य इटलीतल्या पाँपेईत 1938 साली मिळालेल्या मूर्तीशी आहे. पाँपेईची मूर्ती नेमकी कुठे घडली यावर वाद आहे. पण दख्खनचा माल गाड्यांवरून बंदरात आणि तिथून जहाजानं पश्चिमेला जायचा, हे नक्की. म्हणजे आपल्या इतिहासाचा काही भाग समुद्रतळाशी असू शकतो. तो शोधायला पाण्यात उतरावं लागतं, आणि इथेच बरेच जण विचारतात, ‘मला तर मायनस नंबर आहे, मग हे क्षेत्र सोडायचं का?’

सोडायचं नाही. का, ते बघू.

डोळ्याच्या एकूण सुमारे 60 डायॉप्टर ताकदीपैकी 43 च्या आसपास पारपटलाची असते. ही ताकद हवा आणि पारपटल यांच्या अपवर्तनांकातल्या फरकातून येते. पाण्याचा अंक 1.33, पारपटलाचा 1.376. फरकच उरत नाही, म्हणून उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळ्यांनाच धूसर दिसतं. उपाय एकच : डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवायचा.

हा कप्पा टप्प्याटप्प्यानं सुधारत गेला. 1930 च्या दशकात दोन वेगळ्या काचांचे गॉगल वापरत. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि गॉगल डोळ्यांवर रुततो, कारण आत हवा सोडायला वाट नसते. 1938 च्या सुमारास फ्रान्समध्ये नाकही आत घेणारा एककाची मास्क आला. आता नाकातून हवा सोडून दाब सारखा करता येऊ लागला. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां यांचं अ‍ॅक्वालंग आलं. इतिहासात गाजलं ते अ‍ॅक्वालंगच, मास्क मागे राहिला.

पण मास्कच्या आत चष्मा चालत नाही. काड्यांमुळे रबराची कड चेहऱ्याला नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. म्हणून नंबराची भिंग मास्कच्या काचेलाच आतून चिकटवू लागले. भिंगाची पाण्याकडची बाजू सपाट असल्यामुळे पाण्यात नंबर बदलत नाही.

दुसरी वाट कॉन्टॅक्ट लेन्सची. जुन्या कडक प्लास्टिक लेन्सखाली वर येताना वायूचे बुडबुडे अडकायचे आणि दिसणं धूसर व्हायचं. 1961 मध्ये ओटो विख्टर्ले यांनी घरी, मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनो-छाप सुट्या भागांच्या यंत्रावर मऊ लेन्स बनवल्या. मऊ लेन्समधून वायू जाऊ शकतो, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली. मात्र पाण्यातल्या जंतूंचा धोका राहतोच, म्हणून नेत्रतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

आता ‘पाण्यात चष्मा लागत नाही’ ही ऐकीव गोष्ट. ती थोडीशी खरी आहे. मास्कमधून वस्तू प्रत्यक्ष अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासते. मायनस 2 नंबरवाल्याला हवेत 50 सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, तर पाण्यात साधारण 66. गढूळ पाण्यात लहान नंबर फारसा जाणवत नाही. मोठ्या नंबराला मात्र भिंग हवंच.

याच भासामुळे वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठीही दिसते. 75 सेंटिमीटरचा दगडी नांगर मीटरभर वाटू शकतो, मग तुमची नजर कितीही उत्तम असो. संशोधक म्हणून आपल्याला खरा धडा इथे आहे. 1980 च्या दशकात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला, तेव्हा तिथे असे बरेच दगडी नांगर नोंदले गेले. अशा कुठल्याही अहवालात माप दिसलं की आधी विचारा, टेपनं घेतलंय की नजरेनं? त्या दिवशी पाण्यात किती अंतरापर्यंत दिसत होतं?

नंबराचा प्रश्न भिंगानं सुटतो. नजरेच्या अंदाजाला पुरावा समजण्याची सवय मात्र आपणच सोडायची असते. प्रवेश परीक्षेच्या तयारीत हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. पाण्यात उतरा किंवा उतरू नका, तो कामाला येईल.