उल्हासकांठची छावणी

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीचें पहिलें स्टेशन शहाड. गाडी येथें क्षणभर थांबते व लगेच आंबिवलीकडे निघून जाते. त्यामुळें या लहानशा स्टेशनाच्या अंगास फाळणीनें वसविलेलें एक अख्खें शहर पसरलें आहे, हें उतारूंपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत येत असेल. स्थलांतराचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित वर्गांत बहुधा दोनच सूर ऐकूं येतात. 'हे लोक आले आणि गांव बिघडलें' हा एक, आणि 'अतिथि देवो भव' हा दुसरा. दोन्ही सूर सोयीचे आहेत. पण शहाडचा व उल्हासनगरचा इतिहास वाचूं लागलें कीं दोन्ही पोकळ वाटूं लागतात.

मुळांत कल्याणचा परिसर परकीं माणसें पाहून दचकणारा नव्हे. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनांत या बंदराचें नांव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या देणग्यांचे शिलालेख आहेत. पण फार मागें जाण्याचें कारण नाहीं. ज्या सिंधी लोकांना १९४८ सालीं येथें 'परप्रांतीय' म्हटलें गेलें, ते बारा वर्षांपूर्वीं कोणत्या प्रांताचे होते? इंग्रजांनीं १८४३ सालीं सिंध जिंकला, १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला, आणि १९३६ च्या एप्रिलांत तो वेगळा काढला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षें ठाणें आणि कराची एकाच गव्हर्नराच्या अमलाखालीं होतीं. कराचीच्या कॉलेजांतील विद्यार्थी तर त्यानंतरहि मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षा देत होते. परकेपणा हा पुष्कळदां नकाशावरच्या रेघेचा खेळ असतो, असें आम्ही म्हणतों तें यामुळेंच.

६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल झाली आणि तोंवर घर सोडावें कीं न सोडावें या विचारांत असलेल्या हिंदु कुटुंबांचा निश्चय झाला. पुष्कळ जण बोटीनें मुंबईस उतरले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धांत लष्करासाठीं बांधलेल्या बराकी ओस पडल्या होत्या. सरकारनें त्यांत सुमारें एक लाख माणसें नेऊन ठेविलीं. सैनिकांसाठीं बांधलेल्या लांबच लांब खोलींत मधें गोणपाट वा चादर टांगावी आणि पलीकडे दुसरें कुटुंब, अशी ती वस्ती. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली व नदीवरून त्याला 'उल्हासनगर' हें नांव मिळालें. १९२३ च्या कराराच्या सुमारास आशिया मायनरमधून सुमारें बारा लाख ग्रीक लोक ग्रीसमध्यें आले. त्यांनीं अथेन्सच्या भोंवतालीं 'नवें आयोनिया', 'नवें स्मर्ना' अशीं गमावलेल्या भूमीचीं नांवें लाविलीं. उल्हासनगराला मात्र पाहुण्यांच्या नदीचें नव्हे, यजमानांच्या नदीचें नांव आहे. लोकांच्या तोंडीं तेंहि बसलें नाहीं. तेथें पत्ता अजूनहि 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात.

सरकारचें धोरण दयाळू होतें कीं कठोर? दोन्ही होतें. १९४८ च्या मुंबई निर्वासित कायद्यानें या लोकांची नोंदणी व त्यांच्या हालचालींवर नियंत्रण आणलें. सुखानें राहा, पण आम्ही सांगूं तेथें राहा, असा त्याचा रोख. १९ जुलै १९४८ पासून परवान्याची पद्धत सुरू झाली आणि पुढें घटनेच्या सहाव्या कलमांत तीच तारीख नागरिकत्वाची सीमारेषा ठरली. त्या दिवसाच्या आधीं आलेला मनुष्य येथें राहत आहे एवढ्यावर नागरिक. नंतर आलेल्यानें परवाना काढावा, सहा महिने राहावें आणि अर्ज करावा. एकाच घरांतले दोन भाऊ या रेघेच्या दोन बाजूंस पडूं शकत होते. १९५४ च्या कायद्यानें नुकसानभरपाई आली, परंतु ज्याचें सिंधमध्यें घर वा जमीन होती त्याच्यासाठीं. दुसऱ्याच्या पेढीवर राबणाऱ्या गुमास्त्यानें कसला दावा लावावा?

या लोकांना 'शरणार्थी' शब्द आवडत नसे. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवीत. पापड, फर्निचर, कपडे, कशांतहि त्यांनीं हात घातला. मालावर 'मेड इन यू. एस. ए.' असें छापून त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावण्याचा विनोद आपण सर्वांनीं ऐकला आहे. आम्हांस त्यांत थट्टेपेक्षां मत्सर अधिक दिसतो. परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. छावणी कांहीं निर्जन माळावर उभी राहिली नव्हती. भोंवतालच्या गांवांतील आगरी शेतकऱ्यांच्या शिवाराला आधीं लष्कर भिडलें, मागून निर्वासित, आणि त्यामागून कारखाने. दिल्लींतील वा मुंबईंतील कोणत्याहि चर्चेंत त्यांना कोणीं विचारलें नाहीं. स्थानिकांचा राग आलेल्यांवर निघाला. वास्तविक तो निर्णय घेणारांवर निघावयास हवा होता.

१९५६ पासून शहाडास सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला आणि घाटावरचे, कोंकणांतले व उत्तरेकडचे कामगार आले. त्याच परिसरांत पिलाणीच्या बिर्ला घराण्यानें बांधलेलें विठ्ठलाचें देऊळ आहे. मारवाडी उद्योगपतीनें सिंधी नगराच्या शेजारीं पंढरीच्या दैवताला जागा द्यावी, ही गोष्ट आमच्या प्रांताभिमानी मित्रांनीं एकदां तेथें जाऊन पाहावी.

सरकारनें छप्पर दिलें, पण कुटुंबें वाढलीं तेव्हां जमिनीच्या कागदांचा आणि बांधकामाच्या नियमांचा घोळ मागें राहिला. बराकींच्या जागीं मजल्यांवर मजले चढले. न्यायालयानें पाडण्याचे हुकूम दिल्यावर २००६ सालीं विधिमंडळाला केवळ उल्हासनगरच्या अनधिकृत बांधकामांसाठीं वेगळा कायदा करावा लागला. इतर गांवांत ज्याला गुन्हा म्हणतात, तो येथें निम्मा तरी पुनर्वसनखात्याच्या आळसाचा हिशेब होता.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. सिंधी ही १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. प्रांत नसलेल्या भाषेला मान मिळाला. पण ती अरबी लिपींत लिहावी कीं देवनागरींत, हा वाद तोंवर वीस वर्षें जुना झाला होता. त्या वादांतच दोन पिढ्या गेल्या. आज शहाडच्या फलाटावर उभीं असलेलीं सिंधी घरचीं मुलें मराठी कळतात, हिंदी बोलतात आणि इंग्रजींत परीक्षा देतात. आजोबांनीं सिंधहून आणलेल्या कागदांची लिपि त्यांतील बहुतेकांना वाचतां येत नाहीं.