चिन्वत पूल आणि चौथ्या दिवसाची पहाट

जरथुष्ट्री धर्मानुसार मृताचा आत्मा चिन्वत नावाचा पूल ओलांडून परलोकात जातो. जरथुष्ट्राच्या मानल्या जाणाऱ्या गाथांमध्येही या पुलाचा उल्लेख आहे. सन्मार्गी अनुयायांसह आपण तो पार करू, अशी ग्वाही तिथे मिळते.

पुढच्या काळात हे वर्णन अधिक तपशीलवार झाले. इ. स. तिसऱ्या शतकातील सासानी धर्मगुरू कर्तीर याच्या शिलालेखात परलोकदर्शनाची हकिकत आहे आणि तिच्यातही पूल येतो. ‘अर्दा विराफ नामा’ या पहलवी ग्रंथात पुण्यवंतासाठी पूल नऊ भाल्यांइतका रुंद होतो. पाप्याच्या पायाखाली मात्र वस्तऱ्याची धार येते आणि तो नरकात कोसळतो. पुलाशी मेहेर, सरोश आणि रश्नू हे यजत, म्हणजे पूज्य देवता, न्याय करतात. रश्नूच्या तराजूत कर्मे तोलली जातात. ज्यांचे पाप-पुण्य सारखेच भरते, ते ‘हमिस्तगान’ या मधल्या लोकात राहतात. पुण्यवंताला पुलाशी एक सुंदर कन्या भेटते. ती म्हणजे त्याचेच सुविचार, सुवचने आणि सत्कर्मे. म्हणजेच, पुलाची रुंदी माणूस जिवंतपणीच ठरवत असतो.

पारशांचे अंत्यविधी याच श्रद्धेवर बेतलेले आहेत. मृतदेहाला कुत्रा दाखवतात, त्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात चिन्वत पुलाचे राखणदार कुत्रेच आहेत. तीन रात्री आत्मा इथेच घुटमळतो, म्हणून त्या काळात त्याच्या रक्षणासाठी सरोशाच्या प्रार्थना चालतात. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ‘उठमणा’ होतो. त्या वेळी मृताच्या नावाने दानधर्म जाहीर करण्याची रीत आहे. चौथ्या दिवशी पहाटे आत्मा पुलाशी पोहोचतो. त्या सुमारास रश्नूसह इतर यजतांसाठी ‘बाज’ विधी होतात आणि मृतासाठी पांढऱ्या वस्त्रांचा जोड मंत्रून ठेवतात.

मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत हे विधी सतराव्या शतकापासून चालत आले आहेत. १९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडे झपाट्याने घटली आणि दखम्यांची, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या मनोऱ्यांची, व्यवस्था कोलमडली. काही कुटुंबांनी दहनाचा मार्ग धरला आणि २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्यासाठी प्रार्थनागृह उभे राहिले. देहाची व्यवस्था कशी लावावी, यावर समाजात तीव्र मतभेद आहेत. चौथ्या पहाटेच्या प्रार्थनेची परंपरा मात्र दोन्ही ठिकाणी जपली जाते.