चौदावे वर्ष

चिंचपोकळी स्टेशनावर उतरलात तर पुलावर क्षणभर थांबून दोन्ही बाजूंना पाहावे. पूर्वेला लालबागच्या अंगाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग जातो. पश्चिमेला आमची जुनी माणसे ज्याला अजून डिलाईल रोड म्हणतात तो ना. म. जोशी मार्ग आहे, आणि त्याच बाजूला सात रस्त्याकडे निघालेला आर्थर रोड आहे. त्याचे आजचे नाव साने गुरुजी मार्ग. तीन रस्त्यांना तीन नावे. ही नावे इथे कोणी मुद्दाम एकत्र आणली असतील असे मला वाटत नाही. परंतु याच वस्तीत वाढलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यांत एक संगती दिसते. शाळेत जाणारे मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले म्हणजे त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाशी या तिघांचाही संबंध आहे, आणि गिरणगावाच्या इतिहासात याहून अवघड प्रश्न दुसरा नव्हता.

चौदा वर्षांचे मूल म्हणजे काय, हे घरोघरच्या आयांना विचारावे. आवाज फुटलेला असतो, चपला बापाच्या होतात, उलट उत्तर देण्याची हौस असते आणि रात्री आईच्या कुशीला येऊन पडण्याची लाजही असते. याच वर्षी गणितात अक्षरे शिरतात आणि इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या वाढतात. मूल स्वतःविषयी पहिल्यांदा विचार करू लागते. नेमक्या या वळणावर गिरणगावाने आपल्या मुलांपुढे शंभर वर्षे गिरणीचे फाटक उघडे ठेवले होते.

मुंबईत पहिली कापडगिरणी उभी करण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली आरंभला. पुढे पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सारा टापू धुराड्यांनी भरून गेला. भरलेल्या बॉबिन उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, या कामाला मोठ्या माणसाचे बळ लागत नसे. लहान, चपळ बोटे लागत. ती बोटे कोकणातून आणि घाटावरून येत. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. त्या काळी ही मोठी दया समजली गेली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाचे तास सातावर आणले. म्हणजे चौदावे संपले की मूल कायद्याने ‘मोठे’ होई आणि मोठ्यांच्या पाळीला जुंपले जाई. १९२२ साली किमान वय बारा झाले, पंधरा वर्षांखालच्यांना सहा तास राहिले. १९३४ साली ते तास पाच झाले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्याचे दार पुरते बंद झाले ते १९४८ च्या कायद्याने.

ही सनावळी कोरडी वाटेल. पण तिच्यामागे माणसे आहेत. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांतले पहिले. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. आठवड्याची एक सुटी ही त्यातली एक मागणी. ती मान्य व्हायला १८९० चा जून उजाडला. आज रविवारी आपली मुले उशिरापर्यंत लोळतात, त्या रविवाराला एवढा इतिहास आहे. ज्याला सुटीच नाही त्याने पाटी केव्हा धरावी?

दुसरा फॅक्टरी कायदा झाला त्याच १८९१ साली भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला, आणि हा मुलगा थोडक्यात गिरणीत जाता जाता राहिला. साताऱ्याला असताना त्याच्या मनाने घेतले की शाळा सोडावी, मुंबईला पळून जावे आणि गिरणीत पोऱ्याचे काम धरावे. साताऱ्याची कितीतरी मुले अशी गेलेली त्याने पाहिली होती. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी लांबवायचे ठरवले. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई गाठणे शक्यच नव्हते. त्या रात्री त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याने उलटाच निश्चय केला की नेटाने अभ्यास करून लौकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. वाचकहो, त्या पिशवीत चार रुपये असते तर काय झाले असते, याचा विचार करून मी कित्येकदा अस्वस्थ होतो.

पुढे बिऱ्हाड मुंबईस आले ते १९०४ च्या सुमारास, आणि आले तेही परळच्या डबक चाळीत, गिरणगावाच्या पोटात. खोली एकच. उशाशी जाते, पायांशी शेळी. वडील सुभेदार रामजी मुलाला लौकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून त्याच जागी आपण आडवे होत. मुलगा रॉकेलच्या दिव्यापुढे पहाटेपर्यंत वाचीत बसे. पुस्तके हवी झाली की सुभेदार लेकींकडे जाऊन दागिने मागून आणीत आणि ते गहाण ठेवीत.

पण घरच्या माणसाची माया एका मर्यादेपर्यंतच पुरते. बाहेरचेही कोणी भेटावे लागते. भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत असे. तिथे नित्य येणारे विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या ते नजरेस आले. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि त्याला पुस्तके द्यायला आरंभ केला. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याला नेले तेही केळुसकरांनीच. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढची कथा साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिच्यातला एकच तपशील इथे सांगतो. अर्ध्या आण्यामुळे गिरणीपासून वाचलेला हा मुलगा १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा सभासद होता, आणि कारखान्यांतल्या कामाचे तास आठवड्याला अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली तिच्यामागे त्याचेच खाते होते.

बागेत बसलेल्या मुलाची चौकशी करणे ही गोष्ट क्षुल्लक दिसते. साने गुरुजींनी ती आयुष्यभर केली. गरीब मुलांची सोय होते असे ऐकून ते स्वतः कोवळ्या वयात घर सोडून औंधला शिकायला गेले होते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते, आणि तिथल्या छात्रालयात मुलांच्या वळकट्याही आवरून ठेवीत असत. परक्या गावी राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला व्याकरणाआधी काय लागते, हे औंधच्या दिवसांनी त्यांना शिकवले असावे. चिंचपोकळीचा एक रस्ता त्यांच्या नावाचा झाला हे मला फार योग्य वाटते. तुरुंग आणि साथीच्या रोगांचे इस्पितळ यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्याला एका मास्तराचे नाव मिळाले!

पण साऱ्याच मुलांच्या नशिबी केळुसकर येत नाहीत. म्हणून संस्था लागतात. हे ओळखणारे गृहस्थ म्हणजे नारायण मल्हार जोशी. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार वाचनालयापर्यंत येत नाही तर वाचनालयाने त्याच्यापर्यंत जावे, या विचाराने लीगने पुस्तकांच्या पेट्या वस्त्यावस्त्यांतून फिरवल्या. मोफत वाचनालये काढली, आणि दिवसपाळी करून आलेल्यांसाठी रात्रशाळा चालवल्या. रात्रशाळा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच पुण्यात मजुरांसाठी ती काढली होती. पण गिरणगावात तिचा जणू संप्रदाय झाला. हात धुऊन, केसांतला कापूस झाडून माणसे बाकावर येऊन बसत. बापाच्या शेजारच्या बाकावर मुलगाही बसे. १९२५ साली मुंबईच्या एफ आणि जी या विभागांत, म्हणजे परळ-वरळीच्या बाजूला, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. प्राथमिक, एवढे ध्यानात ठेवावे. चौथी झाली की सक्ती संपे आणि मूल पुन्हा फाटकापाशी येऊन उभे राही.

नारायण सुर्वे यांचे तसेच झाले. रस्त्यावर टाकून दिलेले हे पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि त्याला आपले नाव दिले. १९३६ साली पोर चौथी पास झाले. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परतले आणि हा मुलगा बाराव्या वर्षी मुंबईत एकटा उरला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला मजूर असे सारे काही तो झाला. महापालिकेच्या शाळेत शिपाई लागला, नोकरी करता करता परीक्षा दिल्या आणि शाळेतच शिक्षक झाला. १९६६ साली आलेल्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. हे नाव आपण अभिमानाने उच्चारतो. पण त्या विद्यापीठाची फी त्या मुलाने किती भरली, तेही आठवावे. रस्त्याने एक सुर्वे शिकवला. ज्यांना गिळले त्यांची यादी कोणी ठेवली नाही.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत माझे वडीलही होते. माझा थोरला भाऊ तेव्हा नववीत होता, वय चौदा. मी तीन वर्षांचा. वह्यांना जुन्या कॅलेंडरांची पाने लावून त्याने जूनमध्ये शाळा सुरू केली, पण दिवाळीच्या सुटीनंतर तो परत गेलाच नाही. एका कारखान्यात पत्र्याच्या कामाला लागला. कायद्याच्या दृष्टीने त्यात बरेचसे चूक होते, पण घरातल्या डब्याच्या दृष्टीने दुसरा मार्ग नव्हता. तो मला एकदाच बोलला, आणि तेही रागाने नव्हे: “बाळा, मी जायचा थांबलो ना, तर शाळेतून कोणी विचारायलासुद्धा आलं नाही रे.”

पुढे सहा वर्षांनी तो रात्रशाळेत नाव घालून आला. दोनदा बसून दहावी झाला. त्याच्या पगारातून माझी फी गेली. मी दहावी झालो, जुन्या भाषेत मॅट्रिक. कॉलेजला गेलो नाही, चित्रकलेचा मास्तर झालो आणि वेळ उरला त्यात कादंबऱ्या लिहिल्या. दादाने त्या सगळ्या वाचल्या आहेत. शुद्धलेखनाच्या चुका तो अजून पेन्सिलीने काढून देतो.

आज गिरण्या नाहीत. भोंगा नाही. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, ही आनंदाची गोष्ट. पण तो हक्क सहा ते चौदा वर्षांचा आहे, आठवीपर्यंतचा. पुन्हा तेच चौदावे वर्ष! १८९१ साली ज्या वयाला कायद्याने मुलाचा हात सोडला, त्याच वयाला तो आजही सैल होतो. नववी-दहावीचे मूल हक्काच्या कुंपणाबाहेर उभे असते. तिथून पुढे त्याला नेणारे कायद्याचे कलम नसते, तर कोणीतरी माणूस असतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी विषय दिला, ‘माझी अभ्यासाची जागा’. बहुतेकांनी टेबल, खुर्ची आणि दिवा काढला. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी टेबल नाही हे मला ठाऊक होते. पाठ्यपुस्तकातले टेबल त्यांनी कागदावर आणले होते. एका मुलीने मात्र चाळीचा जिना काढला. वर ट्यूबलाइट, पायरीवर दप्तर, आणि खालच्या पायरीवर मोठ्या माणसाच्या चपलांचा जोड. मी विचारले, “या कोणाच्या?” ती म्हणाली, “शेजारच्या आजोबांच्या. माझा अभ्यास होईपर्यंत ते तिथे बसतात. जिन्यात रात्री मुलं दंगा करतात ना, म्हणून.”

सुभेदार रामजींचे रात्री दोनपर्यंतचे जागरण, केळुसकरांची बागेतली चौकशी, गुरुजींनी आवरलेल्या वळकट्या, जोशांच्या पुस्तकांच्या पेट्या आणि या आजोबांच्या चपला, हे सारे एकाच जातीचे काम आहे. त्याला पदवी लागत नाही, वर्गणी लागत नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट घेऊन तुमची मुले शेजारी जातील तेव्हा तुम्हीही बरोबर जा. त्या घरात तेरा-चौदा वर्षांचे कोणी असेल. त्याला मार्क विचारू नका. ते सगळेच विचारतात. सुटीनंतर शाळा कधी उघडते, एवढे विचारा. आणि ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी तो गेला की नाही, ते पुन्हा एकदा जाऊन पाहा.