रात्री साडेबाराच्या आधी

शुक्रवार, ८ जानेवारी १९९३. रात्रीचे साडेबारा. जोगेश्वरीतल्या राधाबाई चाळीत काही हिंदू बिऱ्हाडांच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या गेल्या आणि आग लावण्यात आली. एक पुरुष आणि पाच स्त्रिया जळून मेल्या. त्यांतली एक मुलगी अपंग होती. आणखी तिघे गंभीर भाजले.

मुंबईच्या दंगलीची गोष्ट पुष्कळदा इथून सुरू केली जाते. आधी चाळ पेटली, मग ‘प्रतिक्रिया’ उमटली, असा तिचा क्रम. तो क्रम तपासायचा तर काटे मागे न्यावे लागतात.



५ वर्षं १ महिना आधी

२९ नोव्हेंबर १९८७, विलेपार्ले. विधानसभेची पोटनिवडणूक आहे. शिवसेनेतर्फे डॉ. रमेश प्रभू उभे आहेत आणि सभा बाळासाहेब ठाकरे यांची आहे. मतं हिंदुत्वाच्या नावावर मागितली जातात, मुसलमानांबद्दल जे बोलायचं ते बोललं जातं. ९ डिसेंबरला खारदांड्यात आणि १० डिसेंबरला पार्ले पूर्वेच्या जलतरण मैदानावर तेच होतं. १३ तारखेला मतदान. प्रभू निवडून येतात.

पडलेले काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे कोर्टात जातात. ७ एप्रिल १९८९ रोजी मुंबई उच्च न्यायालय निवडणूक रद्द ठरवतं. ही तीन भाषणं म्हणजे निवडणुकीतला भ्रष्ट आचार. अपील सर्वोच्च न्यायालयात जातं आणि तिथे सहा वर्षांहून अधिक काळ राहतं.

दरम्यान २३ जानेवारी १९८८ रोजी शिवसेनेचं दैनिक ‘सामना’ सुरू झालेलं आहे. सभेला मैदान लागतं, परवानगी लागते, माणसं गोळा करावी लागतात. अग्रलेखाला यातलं काही लागत नाही. तो सकाळी दाराखालून आत सरकतो.

३३ दिवस आधी

रविवार, ६ डिसेंबर १९९२. महापरिनिर्वाण दिन. दादरला चैत्यभूमीवर राज्यभरातून माणसं आलेली. दुपारी अयोध्येत कारसेवक बाबरी मशिदीवर चढतात. संध्याकाळी पाचपर्यंत तिन्ही घुमट उरत नाहीत.

त्याच दिवशी धारावीत शिवसैनिकांची विजयाची सायकल मिरवणूक निघते. दोन-तीनशे माणसं. वाट मिश्र वस्तीतून जाते आणि काळा किल्ल्यापाशी सभेत संपते. या मिरवणुकीला कुणी अडवत नाही.

रात्री ११ वाजून २० मिनिटं. पायधुणीत मिनारा मशिदीजवळ संतापलेला मुसलमानांचा मोठा जमाव रस्त्यावर येतो. तो निषेध होता आणि तो हिंसक झाला. पोलिसांनी तो हाताळला तो बंदुकीने, हे दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचं म्हणणं. पुढचे चार-पाच दिवस शहर जळतं, मग शांत होतं. पहिला अंक संपला असं सरकारला वाटतं.

१३ दिवस आधी

शनिवार, २६ डिसेंबर. महाआरत्या सुरू होतात. कारण सांगितलं जातं ते रस्त्यावरच्या नमाजाचं आणि भोंग्यांवरच्या बांगेचं. आरती देवळात संपत नाही, रस्त्यावर येते. काही ठिकाणी आरती आटोपून परतणारा जमाव दुकानं फोडतो. जमावबंदीचा हुकूम आहे, पण धार्मिक कार्यक्रम म्हणून आरतीला हात लावायचा नाही असं ठरतं. ठरतं म्हणजे कुणीतरी ठरवतं. दंगलीच्या आधीचे बरेचसे निर्णय असेच असतात, सही नसलेले.

१२ दिवस आधी

२७ डिसेंबर. वांद्रे-खार भागात शिवसेनेचे आमदार मधुकर सरपोतदार मोर्चा काढतात. तिथल्या भाषणांबद्दल शिक्षा होते. एक वर्ष. मात्र निकालाचं साल २००८ आहे.

७ दिवस आधी

शुक्रवार, १ जानेवारी १९९३. ‘सामना’त मथळा आहे : हिंदूंनी आक्रमक व्हायला हवे. पुढे आयोगाने या लेखाला हिंसेची उघड चिथावणी म्हटलं.

अशा मजकुरासाठी कायदा होता. भारतीय दंडविधानाचं कलम १५३-अ. त्याखाली खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागत असे. सरकार काँग्रेसचं होतं, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक. विरोधकाला तुरुंगात टाकायची संधी सरकारं सहसा सोडत नाहीत. ही सोडली. ठाकऱ्यांना हात लावला तर मुंबई पेटेल, हे तेव्हा मंत्रालयापासून नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांचं ठरलेलं वाक्य होतं. हात लावला नाही. मुंबई पेटायला सात दिवस उरले होते.

त्याच हिवाळ्यात बोस्नियातल्या साराजेव्होला वेढा पडलेला होता. एप्रिल १९९२ पासून. तिथे वर्षभरापूर्वीपर्यंत एका इमारतीत राहणारी माणसं एकमेकांवर डोंगरावरून तोफा डागत होती. सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच याने कोसोव्होच्या माळावर सहाशे वर्षांपूर्वीच्या लढाईची आठवण काढून केलेलं भाषण २८ जून १९८९ चं. भाषण ते वेढा, अंतर तीन वर्षांहून कमी. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ती बातमी आतल्या पानावर येत असे.

६ दिवस आधी

२ जानेवारी. ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंडमध्ये मुसलमानांच्या झोपड्यांना आग. आयोगाच्या अहवालात एक ओळ.

साडेतीन दिवस आधी

सोमवार, ४ जानेवारी. जोगेश्वरी पोलीस ठाण्यावर मोर्चा येतो. हिंदूंना संरक्षण मिळत नाही ही तक्रार. आयोगाच्या नोंदीनुसार पुढे शिवसेनेचे गजानन कीर्तिकर आणि रमेश मोरे आहेत. मोर्चातले काही लोक चाचा नगर मशिदीवर आणि आसपासच्या मुसलमानांवर हल्ला करतात, माणसं जखमी होतात. तिकडे माहीमच्या मगदूम नगरात मुसलमानांच्या झोपड्या पेटवल्या जातात.

इथे थांबायला हवं. साडेतीन दिवसांनी जी चाळ पेटणार आहे ती याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे. वस्ती मिश्र आहे, गल्ल्या अरुंद, आणि दोन्ही बाजूंना आता ताजा हिशोब आहे. ठाण्याला हे कळायला गुप्त वार्ता विभागाची गरज नव्हती. मोर्चा दारातच आला होता.

४८ तास आधी

मंगळवार-बुधवारच्या मधली रात्र. डोंगरीत विजय ट्रान्सपोर्ट कंपनीत चार माथाडी कामगारांचा भोसकून खून होतो. सकाळी माथाडींची संघटना बंद पुकारते. सभेत पोलिसांवर आणि सरकारवर टीका होते. वर्तमानपत्रांतून खुनाची बातमी फुगत जाते. माथाडी बहुतेक पश्चिम महाराष्ट्रातले, म्हणजे बातमी रात्रीच्या एसटीने सातारा-सांगलीला पोचते.

३६ ते १२ तास आधी

६ जानेवारीला डोंगरी, पायधुणी, नागपाडा, व्ही. पी. रोड. सुरीहल्ले. एकट्यादुकट्या वाटसरूला गाठायचं आणि भोसकायचं. बळी बहुतेक हिंदू. आयोगाने यामागे दक्षिण मुंबईतल्या मुसलमान गुंडांचा हात सांगितला आहे, आणि अहवालाचा तो भाग सोडून बाकीचा वाचणं प्रामाणिकपणाचं नाही. पण याच दिवसांबद्दल आयोग आणखी एक गोष्ट नोंदवतो. ६ जानेवारीपासून हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर दंगल सुरू केली, आणि त्यांना त्या टोकापर्यंत नेलं ते जातीय संघटनांच्या प्रचाराने आणि ‘सामना’, ‘नवाकाळ’ यांसारख्या पत्रांतल्या लिखाणाने. तारीख ६ आहे. चाळ ८ ला जळते.

७ जानेवारी, गुरुवार. सुरीहल्ले चालूच. उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये पहारे बसतात. गच्चीवर दगड, ट्यूबलाइट, मिरचीपूड. समुद्रातून शस्त्रं उतरणार, ट्रकने माणसं येणार, अशा अफवा टेलिफोनवरून फिरतात. काही इमारतींच्या खाली लावलेल्या पाट्यांवरून एकेक नाव काढलं जातं. ज्यांची नावं काढली ते आधीच निघून गेलेले असतात, किंवा निघण्याच्या तयारीत.

पोलिसांपुढे प्रश्न आहे : गोळी चालवायची की नाही? डिसेंबरात चालवली तेव्हा मेले ते प्रामुख्याने मुसलमान. आता वरून येणारे आदेश एकमेकांशी जुळत नाहीत.

रात्री साडेबारा

वर सांगितलं आहे.

काही तासांनी

शुक्रवार सकाळ. पेपर येतो.

त्याच दिवशी महापौर चंद्रकांत हंडोरे ठाकऱ्यांच्या घरी, ‘मातोश्री’वर जातात. बरोबर ‘महानगर’चा वार्ताहर युवराज मोहिते आहे. तिथे ठाकरे शिवसैनिकांना आणि शाखाप्रमुखांना फोनवरून हल्ल्यांच्या सूचना देताना आपण ऐकलं, अशी साक्ष त्याने पुढे आयोगापुढे दिली. आयोगाने ती अहवालात घेतली. निष्कर्ष असा की निदान ८ जानेवारीपासून तरी हल्ल्यांचं नेतृत्व शिवसेनेने केलं यात शंका नाही, आणि शाखाप्रमुखापासून शिवसेनाप्रमुखापर्यंतचे नेते ते चालवत होते. कसलेल्या सेनापतीसारखे, असा ठाकऱ्यांबद्दल आयोगाचा शब्द आहे.

शाखा ही मुंबईत पाण्याच्या तक्रारीपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत सगळ्याला उपयोगी पडणारी जागा. कोणत्या खोलीत कोण राहतं हे शाखेला ठाऊक असायचं, कारण कुणाच्याही अडीअडचणीला ती धावलेली असायची. तीच माहिती आता दुसऱ्या कामाला आली.

तिसरा दिवस उगवण्याआधी

९ जानेवारी. मोहम्मद अली रोडवरच्या सुलेमान बेकरीत सहपोलीस आयुक्त आर. डी. त्यागी यांच्या हाताखालचं पथक शिरतं. नऊ जण ठार. आतून गोळीबार झाला हे पोलिसांचं म्हणणं आयोगाला पटलं नाही. त्यागींना कोर्टाने पुढे आरोपमुक्त केलं. मधल्या काळात ते मुंबईचे पोलीस आयुक्त होऊन गेले होते.

चार दिवस

लष्कर शहरात आहे. त्याच्या गाड्या रस्त्यावरून फिरतात, संचलन होतं. लष्कराला प्रत्यक्ष वापरायचं कसं, याचा निर्णय मुख्यमंत्र्यांकडे आहे. तो घ्यायला चार मोलाचे दिवस लागले, असं आयोग लिहितो. केंद्रात संरक्षणमंत्री शरद पवार होते. दोघे एकाच पक्षाचे, एकाच राज्याचे, आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे. हे चार दिवस त्या वैराच्या खात्यावर किती टाकायचे ते वाचकाने ठरवावं.

११ जानेवारीच्या रात्री निर्मल नगरात लष्कराची तुकडी एक गाडी अडवते. गाडीत आमदार सरपोतदार आणि सोबतीला हत्यारं. लष्कर त्यांना पोलिसांच्या ताब्यात देतं.

१५ जानेवारीला पंतप्रधान नरसिंह राव मुंबईत येतात. २० तारखेपर्यंत दंगल विझते.

डिसेंबर आणि जानेवारी मिळून मृत ९००. मुसलमान ५७५, हिंदू २७५, ओळख न पटलेले ४५, इतर ५. पोलिसांच्या गोळीने ३५६, भोसकून ३४७, जाळून ९१, जमावाच्या मारहाणीत ८०. जखमी २,०३६.

दोन महिन्यांनी

शुक्रवार, १२ मार्च १९९३. दुपारी दीड ते पावणेचार. साखळी बाँबस्फोट, २५७ मृत. स्फोट आणि दंगल यांच्यात कार्यकारणसंबंध दिसतो, असं आयोगाचं मत. म्हणजे ‘प्रतिक्रिया’ या युक्तिवादाला दुसऱ्या बाजूनेही गिऱ्हाईक मिळालं.

त्यानंतर घड्याळ हळू चालतं

माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर उच्च न्यायालयात गेले. ‘सामना’च्या अग्रलेखांवर खटला भरायला सरकारला सांगा, एवढीच मागणी. सप्टेंबर १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली. अग्रलेखांचा रोख सगळ्या मुसलमानांवर नाही, देशविरोधी मुसलमानांवर आहे, असं न्यायालयाला वाटलं. १९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. दोन महिन्यांनी शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं.

११ डिसेंबर १९९५. पार्ल्याच्या तीन भाषणांचा अंतिम निकाल लागला. प्रभूंची निवडणूक रद्द ती रद्दच. ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी गेला. भाषणांना तोवर आठ वर्षं झाली होती, दंगलीला तीन, आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री होते.

२३ जानेवारी १९९६ रोजी जोशी सरकारने श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. मे महिन्यात तो परत नेमावा लागला. अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ रोजी सादर झाला, ऑगस्टात सभागृहात आला आणि त्याच सरकारने तो नाकारला. ज्यांच्यावर ठपका त्यांनीच तो स्वीकारायचा की नाही ते ठरवलं.

राधाबाई चाळीच्या खटल्यात टाडा न्यायालयाने १९९६ मध्ये ११ जणांना दोषी धरलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. सहा जणांना जाळणारा कायद्याच्या लेखी कुणीही नाही.

२५ जुलै २०००. गृहमंत्री छगन भुजबळ. अग्रलेखांसाठी ठाकऱ्यांना अखेर अटक होते, कोर्टात उभं केलं जातं. कलम १५३-अ ची खटल्याची मुदत तीन वर्षांची, ती केव्हाच उलटलेली. दंडाधिकारी त्याच दिवशी प्रकरण बंद करतात. सात वर्षं ज्या फायलीवर सही झाली नाही तिने वेळेवर न होण्याचं काम चोख केलं होतं. आधीचं सरकार काँग्रेसचं होतं, मधलं युतीचं, हे काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसचं. अग्रलेख वाचत सगळेच होते.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे हिशोब मांडला गेला. २५३ खटले. शिक्षा ६ मध्ये, निर्दोष सुटका ११४ मध्ये, आणि ९७ फायली सुप्त. बेपत्ता १६८ माणसं. त्यांतल्या ६० जणांच्या घरच्यांना भरपाई पोचली होती. उरलेल्या १०८ जणांच्या घरच्यांचा पत्ता सरकारला सापडला नव्हता.