क्यूबिझम म्हणजे नेमकं काय? ‘घनवाद’ मुंबईत कसा पोहोचला?

‘हे तर लहान मूलही काढेल!’ पिकासोच्या चित्राखाली अशी कमेंट हमखास दिसते. पण याच पिकासोने १८९७ मध्ये, १५ व्या वर्षी, आजारी बाई आणि तिची नाडी तपासणारे डॉक्टर यांचं हुबेहूब चित्र काढलं होतं. मग पुढे त्याने चेहरे का मोडले? उत्तर क्यूबिझममध्ये, म्हणजेच घनवादात आहे.

सुरुवात कशी झाली?
पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी १९०७-०८ च्या सुमारास फ्रान्समध्ये ही शैली घडवायला घेतली. ब्राकच्या चित्रांतली घरं पाहून एका समीक्षकाने ‘सगळे ठोकळेच’ अशा अर्थाची टीका केली. टिंगलीतून आलेलं तेच नाव रुजलं.

यात वेगळं काय?
त्याआधी युरोपातली चित्रं बहुतेक एकाच जागी उभं राहून पाहिल्यासारखी काढली जात. पण तांब्या आठवून पाहा. वरून गोल तोंड दिसतं, बाजूने फुगीर पोट. घनवादी चित्रकार या दोन्ही बाजू एकाच चित्रात मांडतो. म्हणूनच डोळा समोरून आणि नाक बाजूने दिसतं. १९१२ पासून वर्तमानपत्राचे तुकडे आणि छापील कागदही चित्रांत चिकटवले जाऊ लागले. कोलाज आधुनिक कलेत आलं ते इथूनच.

महाराष्ट्राशी नातं काय?
मुंबईचे जहांगीर सबावाला (१९२२-२०११) सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. नंतर पॅरिसमध्ये त्यांनी आंद्रे लोत या घनवादी चित्रकाराकडे धडे घेतले. १९५१ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं, तेही ताजमहाल हॉटेलमध्ये. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा सुरूही झाली नव्हती.

पुढे सबावालांना ही शैली फार काटेकोर वाटू लागली. त्यांनी ती सैल केली. त्यांच्या समुद्र, डोंगर आणि ढगांच्या चित्रांत कोन राहिले, पण ते प्रकाशाचे पदर उलगडू लागले.

इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनीही बडोद्यात शिकवताना घनवादी प्रयोग केले. ‘काटा’ हे त्यांचं १९५५ चं गाजलेलं चित्र.

असं चित्र फीडमध्ये आलं, तर पुढे जाण्याआधी एवढंच शोधा: डोळा कुठून पाहिलाय आणि नाक कुठून? चित्र आवडलं नाही तरी हरकत नाही. पण ते का मोडलंय, हे कळलेलं असेल.