तुरुंगातील व्हिडीओ मुलाकात : नियम, नोंदणी आणि कुटुंबाचे हक्क

घरातला माणूस तुरुंगात गेला की घरचे सगळ्यात आधी एकच विचारतात, भेटायला कधी मिळेल? परभणी-हिंगोलीकडच्या गावातून तळोजाला यायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि दहा-पंधरा मिनिटांची भेट. जाळीपलीकडचा आवाज नीट ऐकू येत नाही तोच वेळ संपल्याची हाक येते. अशा कुटुंबांसाठी मोबाइलवरून होणारी भेट हा मोठा आधार आहे. पण नियम माहीत नसल्यामुळे अर्ज नामंजूर होतो किंवा लिंक आली तरी कॉल लागत नाही, आणि त्या आठवड्याची भेट वाया जाते. म्हणून या सुविधेची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

हा विषय आपल्या वस्तीपासून लांबचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे जवळपास ७६ टक्के, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे हे लोक आहेत. दर पाच कच्च्या कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा असतो. २०११च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्या किती घरांना हा प्रश्न भिडतो ते कळते.

व्हिडीओ मुलाकात म्हणजे काय?

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तुरुंगांसाठी ‘ई-प्रिझन्स’ ही संगणक प्रणाली तयार केली आहे. त्यातील नातेवाइकांसाठीचा भाग म्हणजे ‘ई-मुलाकात’. त्यावरून दोन प्रकारच्या भेटींसाठी नोंदणी करता येते. एक, तुरुंगात जाऊन घ्यायची प्रत्यक्ष भेट. दोन, घरूनच मोबाइल किंवा संगणकावर होणारी व्हिडीओ भेट. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तुरुंगांतील प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि तेव्हापासून व्हिडीओ भेटीचा वापर वाढला.

एक गल्लत नेहमी होते, ती आधी दूर करू. आरोपीला तुरुंगातूनच व्हिडीओद्वारे न्यायालयासमोर हजर करतात. ती पेशी असते, मुलाकात नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार न्यायालयीन कोठडी वाढवताना अशी हजेरी चालते. त्या वेळी नातेवाइकांना बोलायला मिळेलच असे नाही. ‘आज व्हीसी झाली’ असे कोणी सांगितले तर ती पेशी होती की भेट, हे विचारून घ्यावे.

भेट ही मेहेरबानी आहे का?

नाही. १८९४च्या कारागृह कायद्यातील कलम ४० मध्येच शिक्षा न झालेल्या बंद्यांना भेटू देण्याची तरतूद होती. इंग्रज सरकारलाही ही गोष्ट नाकारता आली नव्हती. पुढे १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांना आणि वकिलाला भेटण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात येतो असे ठरवले. स्थानबद्ध व्यक्तीला महिन्यातून एकच भेट देणारा नियम न्यायालयाने मनमानी मानला आणि नातेवाईक व मित्रांच्या आठवड्यातून किमान दोन भेटी मिळाव्यात असे सांगितले.

वकिलाबाबतचा हक्क तर थेट संविधानात लिहिलेला आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत कलम १५-अ मांडले. तेच पुढे अनुच्छेद २२ झाले. अटकेची कारणे समजण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क या अनुच्छेदातून मिळतो. तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या आईला हे कलम पाठ नसले तरी ते तिच्या मुलासाठी लिहिलेले आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी नियम ५८ इथे महत्त्वाचा आहे. पत्रे, दूरध्वनी, डिजिटल साधने यांद्वारे संपर्क आणि प्रत्यक्ष भेटी, या दोन्ही गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. एक दिली म्हणून दुसरी बंद करावी, असे त्यात कुठेही नाही.

नोंदणी कशी करावी?

ईप्रिझन्स डॉट एनआयसी डॉट इन या संकेतस्थळावर ‘ई-मुलाकात’ हा पर्याय आहे. नोंदणीला शुल्क नाही. कोणी पैसे मागत असेल तर तो सरकारी शुल्क घेत नसून स्वतःची कमाई करतो आहे, हे ओळखावे.

१. आधी भेटणाऱ्याची माहिती भरावी : नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता, वय, मोबाइल क्रमांक, ईमेल, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक. सोबत आणखी कोणी बोलणार असेल तर त्याचे नावही इथेच नोंदवावे.

२. मग बंद्याची माहिती : राज्य, तुरुंगाचे नाव, बंद्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, वय आणि तुमचे नाते.

३. भेटीची तारीख निवडावी आणि भेटीच्या प्रकारात व्हिडीओचा पर्याय निवडावा. इथे चूक झाली तर प्रत्यक्ष भेटीची नोंद होते.

४. पडताळणीसाठी आलेला ओटीपी टाकावा. नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

५. अर्ज तुरुंग प्रशासनाकडे जातो. मंजुरी मिळाल्यावर वेळ आणि भेटीची लिंक कळवली जाते. मंजुरी येईपर्यंत भेट ठरली असे समजू नये.

सर्वाधिक अर्ज अडतात ते नावापाशी. आधार कार्डावर ‘रमेश’ असते आणि एफआयआरमध्ये ‘रम्या’. तुरुंगाच्या नोंदवहीत पोलिसांच्या कागदावरचे नाव चढते. म्हणून रिमांडच्या किंवा कोर्टाच्या कागदावर जसे नाव आहे तसेच लिहावे. तुरुंगही नेमका निवडावा. मुंबईत अटक झालेला माणूस आर्थर रोडला असेल, तळोजाला असेल किंवा ठाण्याला. महिला बंदी असेल तर भायखळा. गर्दीमुळे बंद्यांना एका तुरुंगातून दुसरीकडे हलवतात आणि घरी वेळेवर कळत नाही. मागच्या तारखेला कोणत्या तुरुंगातून आणले होते, हे वकिलाला विचारावे.

भेटीच्या वेळचे नियम

किती दिवसांनी, किती वेळ आणि कोणत्या वारी भेट मिळेल हे तुरुंगानुसार बदलते. कारण तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. साधारणपणे कच्च्या कैद्याला शिक्षाबंद्यापेक्षा जास्त भेटी मिळतात. आपल्या तुरुंगाचे वेळापत्रक मुलाखत कक्षाबाहेरच्या फलकावरून एकदा उतरवून घ्यावे. पुढील गोष्टी मात्र सगळीकडे पाळाव्यात.

- ज्यांची नावे नोंदवली आहेत त्यांनीच कॅमेऱ्यासमोर बसावे. शेजारी, मित्र किंवा दुसऱ्या फोनवरचा माणूस मध्ये घेऊ नये.
- ओळखपत्र हाताशी ठेवावे.
- बोलणे रेकॉर्ड करू नये, स्क्रीनचा फोटो काढू नये, समाजमाध्यमांवर टाकू नये.
- लिंक दुसऱ्या कोणाला पाठवू नये.
- ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटे फोन चार्ज करून, नेटवर्क पाहून बसावे. तुमच्यामागे दुसरे कुटुंब रांगेत असते. उशीर झाला तर तुमचीच मिनिटे कमी होतात.

भेटीच्या वेळी तुरुंगाचे कर्मचारी जवळ असतात, हे धरूनच बोलावे. गुन्ह्याच्या दिवशी काय घडले, कोण कुठे होते, साक्षीदार कोण, यातले काहीही व्हिडीओवर बोलू नये. ‘त्याला जरा समजावून सांगा’ असे साधे वाक्यही साक्षीदारावर दबाव म्हणून पाहिले जाऊ शकते आणि जामीन अडचणीत येऊ शकतो. खटल्याचे बोलणे वकिलासाठी ठेवावे. वकिलाच्या भेटीबाबत मंडेला नियम स्पष्ट आहेत : कर्मचाऱ्यांना भेट दिसली तर चालेल, पण बोलणे ऐकू जाता कामा नये.

मग बोलायचे काय? प्रकृती कशी आहे, औषधे मिळतात का, पुढची तारीख कोणती, वकील भेटून गेला का, जामीनदार लागणार आहे का, मनीऑर्डर पोहोचली का. हे प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. उरलेला वेळ मुलांना द्यावा. बापाला मुलगी किती वाढली हे पाहायचे असते. ते पत्रातून दिसत नाही.

मुलांसाठी

आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात याबाबत निर्देश दिले. सहा वर्षांनंतर बालगृहात ठेवलेल्या मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईला भेटू द्यावे, असेही त्यात आहे. बालगृह आणि तुरुंग लांब असतील तर मधल्या काळात व्हिडीओ भेटीसाठी बालगृहाच्या अधीक्षकांमार्फत अर्ज करावा.

भेट नाकारली तर

२०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार अधीक्षक भेट नाकारू शकतात, पण त्यांना कारण नोंदवावे लागते. म्हणून तोंडी ‘आज नाही’ यावर परत फिरू नये. अधीक्षकांच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहावा, नोंदणी क्रमांक टाकावा, कारण लेखी मागावे आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही तर कच्च्या कैद्याच्या बाबतीत ज्या न्यायालयात खटला आहे तिथे वकिलामार्फत अर्ज करता येतो.

वकिलाला पैसे नसतील तरी मार्ग बंद होत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि स्त्रियाही पात्र आहेत. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेद करणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. आत गेलेल्या माणसाला जातीवरून झाडलोट किंवा संडास साफ करायला लावले जात असेल, तर भेटीत ते कळल्यावर गप्प बसू नये. तारीख लिहून ठेवावी आणि वकिलाला सांगावे.

व्हिडीओ भेट ही प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ शकत नाही

सोय म्हणून आलेली गोष्ट हळूहळू हक्क कसा गिळते, हे अमेरिकेत दिसले. तेथील ‘प्रिझन पॉलिसी इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या जानेवारी २०१५च्या अहवालानुसार, व्हिडीओ भेट सुरू करणाऱ्या काउंटी तुरुंगांपैकी ७४ टक्के तुरुंगांनी प्रत्यक्ष भेटी बंद केल्या. सुविधा खासगी कंपन्यांच्या हाती होती आणि गरीब कुटुंबांना मिनिटांचे पैसे मोजावे लागत होते. या लुटीविरुद्ध लढणाऱ्या मार्था राइट या आजीच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला आणि फोनसोबत व्हिडीओ कॉलच्या दरांवरही नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तेथील दूरसंचार आयोगाला मिळाला.

आपल्याकडे ही सेवा सरकारी आणि मोफत आहे. ती तशीच राहावी, आणि ‘व्हिडीओ आहे ना, मग इथे कशाला आलात?’ असे उत्तर कोणत्याही गेटवर मिळू नये. आजारी बंदी, नुकताच आत गेलेला तरुण, अंगावर मार असल्याची शंका, अशा वेळी समोर जाऊनच पाहावे लागते. कॅमेरा चेहरा दाखवतो, पाठीवरचा वळ दाखवत नाही.

विहारात एक टेबल

ज्या घरात स्मार्टफोन नाही, ईमेल नाही, लिहिता-वाचता येत नाही, त्या घरासाठी ‘ऑनलाइन नोंदणी’ हे बंद दारच आहे. आपल्या अनेक वस्त्यांत रविवारी वंदनेला लोक विहारात जमतात. तिथे एक टेबल, एक चांगला फोन आणि शिकलेली दोन मुले बसली तर महिन्याला कितीतरी भेटी मार्गी लागतील. पथ्ये तीनच : पैसे घ्यायचे नाहीत, कोणाची कागदपत्रे किंवा ओटीपी स्वतःजवळ ठेवायचे नाहीत आणि कोणाचा माणूस कुठल्या कलमाखाली आत आहे हे बाहेर बोलायचे नाही.

हे तिसरे पथ्य सगळ्यात महत्त्वाचे. तुरुंगाची लाज वाटते म्हणून घरचे गावात ‘मुलगा पुण्याला कामाला आहे’ असे सांगतात आणि मदत मागायला येतच नाहीत. त्यांना न विचारता, न हिणवता कोणी फॉर्म भरून दिला, तर त्या आईला लेकराचे तोंड दिसेल. तेवढे काम करायला वकिलीची पदवी लागत नाही.