अ‍ॅक्युपंक्चर आणि प्लासिबो परिणाम

अ‍ॅक्युपंक्चर उपचारानंतर रुग्णाला जाणवणाऱ्या आरामाचा काही भाग सुईची विशिष्ट जागा वा खोली यांमुळे नव्हे, तर उपचाराविषयीची अपेक्षा, चिकित्सकाची वागणूक आणि उपचाराचा एकूण विधी यांमुळे निर्माण होतो. या भागास प्लासिबो परिणाम किंवा छद्मौषध परिणाम म्हणतात. असा आराम काल्पनिक असतो, ही समजूत चुकीची आहे. दाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नालोक्सोन दिल्यावर छद्मौषधाने आराम पडलेल्या रुग्णांच्या वेदना वाढल्या. शरीरातील स्वतःची वेदनाशामक द्रव्ये या परिणामात सहभागी असतात, असे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात अ‍ॅक्युपंक्चरच्या प्रसाराचा संबंध १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाशी जोडला जातो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस या पथकात होते. परंतु ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ही पद्धत भारतात आणण्याचे श्रेय त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाद्वारे अ‍ॅक्युपंक्चरचे शिक्षण व व्यावसायिकांची नोंदणी यांचे नियमन केले. अशा नोंदणीने व्यवसाय कायदेशीर ठरतो; एखाद्या आजारावर उपचार किती परिणामकारक आहे, हा प्रश्न वेगळा असून तो चाचण्यांनीच सुटतो.

आभासी सुईची अडचण

औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीसारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. सुईच्या बाबतीत हे सोपे नाही, कारण सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळते. यासाठी १९९८ मध्ये जर्मनीत बोथट टोकाची, त्वचेत न शिरता मुठीत सरकणारी सुई वर्णिली गेली. इतर चाचण्यांत पारंपरिक बिंदू सोडून अन्यत्र उथळ सुया टोचतात. तरीही दोन अडचणी उरतात: चिकित्सकाला खरे-खोटे ठाऊक असते, आणि त्वचेला होणारा स्पर्श पूर्णतः निष्क्रिय मानता येत नाही.

प्रमुख निष्कर्ष

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, आभासी अ‍ॅक्युपंक्चरने ४४.२ टक्के, तर औषधे व व्यायाम या प्रचलित उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय फरक जाणवला. सुई कोठे टोचली यापेक्षा सुयांचा उपचार मिळाला, हेच अधिक मोलाचे ठरले. २०१२ मधील सुमारे १८,००० रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात मात्र खऱ्या सुयांचा आभासी सुयांपेक्षा थोडा अधिक परिणाम आढळला.

रुग्णानुभवाच्या दृष्टीने २००८ चा आतड्याच्या क्षोभविकारावरील अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात तीन आठवड्यांनंतर केवळ प्रतीक्षायादीतील २८ टक्के, आभासी सुया मिळालेल्या ४४ टक्के, आणि आभासी सुयांबरोबर चिकित्सकाने आपुलकीने वेळ देऊन विचारपूस केलेल्या ६२ टक्के रुग्णांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. शेवटच्या दोन्ही गटांतील सुया सारख्याच होत्या.

आजार आपोआप ओसरणे हा आणखी एक घटक असून तो प्लासिबो परिणामापासून वेगळा मानावा लागतो. चांदूर रेल्वेसारख्या कापसाच्या तालुक्यात वेचणीच्या दिवसांत वाकून काम करणाऱ्या व्यक्तीची पाठ दुखू लागली, तर ती दुखणे अगदी असह्य झाल्यावर उपचाराला जाण्याची शक्यता अधिक. हंगाम सरला की दुखणे पुष्कळदा तसेही उतरते. पण श्रेय शेवटच्या उपचाराला मिळते. म्हणूनच उपचार न मिळालेला गट चाचणीत आवश्यक असतो.

मर्यादा व धोके

जाणवणारा आराम म्हणजे रोग बरा होणे नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या अभ्यासात आभासी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांनी खऱ्या औषधाच्या गटाइतकीच सुधारणा जाणवल्याचे सांगितले. फुप्फुसांची प्रत्यक्ष मोजमापे घेतली असता औषधाने श्वासक्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती; आभासी सुया व उपचार नसणे या दोन्हींत ती वाढ सुमारे ७ टक्केच होती. दम्यासारख्या आजारात केवळ बरे वाटते म्हणून नियमित औषध थांबवणे जिवावर बेतू शकते. निर्जंतुक नसलेल्या सुयांमुळे होणारा संसर्ग आणि क्वचित छातीत खोल गेलेल्या सुईमुळे फुप्फुसाला होणारी इजा, हे धोके सुई टोचल्यानेच उद्भवतात.